किंचाळीखालचा सूर

४ मार्च

आज रुजू झाले. जागा आवडली. असं मी पहिल्या दिवशी सहसा लिहीत नाही.

ही इमारत पूर्वी बर्फाचा कारखाना होती. भिंतींना आतून वीतभर जाड बुचाचं अस्तर आहे आणि दारं एवढी जड, की उघडताना खांदा लावावा लागतो. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून केलेली सोय आता आवाज बाहेर जाऊ नये म्हणून कामी येते. तळमजल्यावर गायनशाळा, वर राहायच्या दोन खोल्या. रस्त्याकडची मला मिळाली. पलंग, टेबल, दिवा, कपाट. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. खिडकीतून बसथांबा आणि सायकल दुरुस्तीचं दुकान दिसतं. दुकानदार काम करताना शीळ घालतो. बेसूर.

इथे रॉक गाणाऱ्यांना किंचाळायला शिकवतात. गुरगुर, डरकाळी, चिरका आवाज, सगळं. पण घसा न बिघडवता. शाळा चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. पन्नाशीच्या, ठेंगण्या, अंगात बारमाही स्वेटर, आवाज इतका मऊ की ऐकणारा आपोआप पुढे झुकतो. चुकून दार उघडं राहिलं की जे ऐकू जातं त्यावरून सायकलवाल्याने गिऱ्हाइकांना सांगून ठेवलंय म्हणे, की इथे भूल न देता दात काढतात. मला हसू आलं. ताईंना बरं वाटलं असावं; म्हणाल्या, हसतेस की, मला वाटलं मशीनबरोबर मशीनच आलं.

माझं काम सरळ आहे. विद्यार्थ्यांच्या घशात दुर्बीण घालून स्वरतंतू तपासायचे, चित्र पडद्यावर दाखवायचं, बिघाड दिसला तर त्याला थांबवायचं. हॉस्पिटलच्या आवाज विभागात मी हेच करत होते. तिथे लोक घसा बिघडल्यावर यायचे, इथे बिघडू नये म्हणून येतात. हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

संध्याकाळी बाबांना फोन केला. बाबांनी आयुष्यभर बस स्थानकावर गाड्यांची घोषणा केली. आता डोळे पार गेलेत, पण आवाज अजून तसाच, खणखणीत आणि गोल. खोली कशी आहे विचारलं. पलंगटेबलाचं सांगितलं तर म्हणाले, ते राहू दे, आवाज कसा परततो ते सांग. नव्या खोलीत पाऊल टाकलं की ते हनुवटी उचलून एक लांब 'ए' लावतात आणि परत काय येतं त्यावरून भिंत कुठे, कपाट कुठे, खिडकी उघडी की बंद, सगळं ओळखतात. मी सांगितलं, खालच्या खोल्यांत काहीच परत येत नाही. त्यांना ते आवडलं नाही. अशा खोलीत समोर कुणी आहे की नाही हे कळणार कसं, म्हणाले. मग नेहमीचं : घुमे, आणखी दोन वाक्यं बोललीस तर फोन फुटणार नाही.

५ मार्च

यंत्रं लावली. मधल्या खोलीला इथे 'पेटी' म्हणतात. गाणारा पेटीत उभा राहतो. शेजारी काचेमागची खोली माझी : पडदा, दुर्बीण, कानाला लावायची यंत्रं, आणि पेटीतल्या माणसाशी बोलायचा माईक आणि त्याचं बटण. मध्ये दुहेरी काच, त्यामुळे बटणाशिवाय इकडचं तिकडे काही जात नाही. शीतगृहाच्या जुन्या दारांना आतून ढकलायचा लोखंडी दांडा असतो, कुणी आत अडकलं तर सुटावं म्हणून. दोन्ही खोल्यांचे दांडे ओढून, ढकलून पाहिले. चालू आहेत.

दुपारी ताईंनी नमुना मागितला. निरोगी आवाज कसा असतो हे विद्यार्थ्यांना दाखवायला एक स्वच्छ सूर हवा होता. एका श्वासात, न ताणता, आपखुशीने. त्यांनी मागितला नसता तरी मी दिलाच असता. आमच्या धंद्यात नवं यंत्र आलं की पहिला घसा स्वतःचा घालतात. माझा घसा पुस्तकातल्या चित्रासारखा आहे. कॉलेजात शिक्षकांनी तो तीन वर्षं 'हे असं दिसायला हवं' म्हणून वापरला.

पेटीत उभी राहिले, लाल दिवा लागला, 'ई' लावला.

दारात वाफवाली उभी होती. ही बाई विद्यार्थ्यांची वाफेची भांडी आणि पाण्याच्या बाटल्या भरते. माझ्यासमोरच्या खोलीत राहते. चाळिशीची असेल. मुकी आहे, असं ताई म्हणाल्या. मी सूर लावायला तोंड उघडलं तेव्हा तिने एक हात पुढे केला आणि परत खाली घेतला. माझं झाल्यावर ती तिथेच जमिनीवर बसली आणि तोंडावर पदर दाबून रडायला लागली. चांगला आवाज ऐकला की तिला असं होतं, ताईंनी सांगितलं.

माझा आवाज इतका काही चांगला नाही.

८ मार्च

शिकवणं पाहिलं. पद्धत पक्की आहे. किंचाळताना खऱ्या स्वरतंतूंवर आदळआपट करायचीच नाही. त्यांच्या वर मांसाच्या आणखी दोन घड्या असतात, त्यांना आम्ही खोटे स्वरतंतू म्हणतो. खरखर तिथून काढायची. घसा जांभईसारखा उघडा, जबडा सैल, जोर पोटाचा. आणि खाली एक साधा, स्वच्छ सूर चालू ठेवायचा. खरखर त्या सुरावर घालायची, पांघरुणासारखी. इथवर पुस्तकातलंच आहे.

पुढचं ताईंचं स्वतःचं आहे. विद्यार्थ्याच्या कानात नमुन्याचा सूर सोडतात, म्हणजे आता माझा. त्याने स्वतःचा सूर लावायचाच नाही. कानातल्यावर किंचाळी ठेवायची. ताई प्रत्येकाला सांगतात, प्रत्येक किंचाळीखाली एक स्वच्छ सूर लागतो, पण तो आपलाच असला पाहिजे असं काही नाही.

सगळ्यात जोरकस विद्यार्थी म्हणजे 'भोंगा'. दिवसा विमा कचेरीत बसतो, शर्टाच्या बाह्यांची बटणं लावलेली असतात, मला बाई-बाई करतो. पेटीत गेला की पडद्यावरची रेघ वरच्या काठाला टेकते. सगळी सकाळ किंचाळला. मग दुर्बीण घातली. स्वरतंतू मोत्यासारखे पांढरे. कडा सरळ. लाली नाही, सूज नाही. दोनदा पाहिलं, काच पुसून पुन्हा पाहिलं.

असं मी कधी पाहिलेलं नाही. बाबांना फोनवर आपण होऊन सांगितलं, तर ते म्हणाले, आज घुमी बोलली, तारीख लिहून ठेवतो.

१२ मार्च

आवाज थोडा बसलाय. बुचाची धूळ असावी. मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या. बाबा म्हणाले, मिठाची गुळणी तर तू जन्मापासून धरून बसलीयेस, नवीन काय.

ते खरं आहे, आणि त्याला कारणही बाबाच. आई गेल्यावर ते मला कामावर घेऊन जायचे. घोषणेच्या टेबलाखाली माझी जागा होती. टेबलावर तीन टिचक्या म्हणजे माईक उघडा आहे, अगदी चूप. माईक उघडा असेपर्यंत टिचक्या अधूनमधून पडत राहायच्या; थांबल्या की माईक बंद, आता बोल. मी चूप राहायला तिथे शिकले. मला ते आवडायचं. अख्ख्या स्थानकात बाबांचा आवाज आणि त्याच्या खाली मी.

१५ मार्च

आवाज सुधारला नाही म्हणून नाकातून बारीक नळीची दुर्बीण घालून स्वतःला पाहिलं. दोन्ही कडा लाल. मध्यावर सूज, दोन्ही बाजूंना समोरासमोर. ही किंचाळणाऱ्यांची सूज आहे. लहान मुलांच्या शिक्षिका, भाजी विकणारे, फुटबॉलचे प्रशिक्षक. मी दिवसभरात शंभर वाक्यं बोलत नसेन.

यंत्र बिघडलंय का म्हणून लगेच भोंग्याला बसवलं. मोती.

वाफवाली भांडी भरताना गुणगुणत होती. मी थांबून ऐकलं. तिला ते कळल्यावर तिने ओठ मिटले. मुक्या माणसाचा गुणगुणण्याचा सूर असा गोल नसतो.

१९ मार्च

हे नीट लिहिते.

दुपारी खोलीत चहा घेत होते. घशात एकदम काहीतरी टरकन फाटल्यासारखं झालं. कप ठेवून खाली गेले. पेटीचा लाल दिवा चालू होता, आत भोंगा. तो दम घ्यायला थांबून पाणी प्यायला, माझं दुखणं थांबलं. त्याने पुन्हा सुरू केलं, माझं पुन्हा.

योगायोग वाटला की तपासायचा असतो. काचेमागे बसले. नाकातून दुर्बीण घातली, चित्र समोरच्या पडद्यावर घेतलं. तोंड मिटून शांत श्वास घेत राहिले. अशा वेळी स्वरतंतू उघडे असतात, दोन पडदे बाजूला सारावेत तसे. तसेच होते. सुजलेले, पण उघडे आणि स्थिर. मग काचेतून भोंग्याला खुणेनेच सुरू कर म्हटलं.

त्याने तोंड उघडलं आणि पडद्यावर माझे स्वरतंतू मिटले. मी मिटले नाहीत. ते मिटले आणि एकमेकांवर आपटायला लागले. माझा श्वास अडकला. माझ्या तोंडातून आवाज नाही, हवा नाही, काचेमुळे त्याचाही आवाज नाही. पूर्ण शांततेत मी माझा घसा किंचाळताना पाहिला. डाव्या बाजूला एक लाल ठिपका उठला आणि पसरला. ते रक्त होतं.

त्याने थांबून काचेतून अंगठा वर केला. कसं झालं, म्हणून.

२० मार्च

ताईंनी नाकारलं नाही. हेच मला पचत नाही. मला बसवलं, कोमट पाणी दिलं, म्हणाल्या, कुणाच्या तरी घशात जाणारच ना ते, हवेत थोडंच विरतं. पोरं किती आनंदाने गातात पाहिलंस ना. आणि तुला आवाज लागतोच किती? हॉस्पिटलात मी चौकशी केली तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, हुशार आहे पण तोंडातून शब्द काढत नाही. न वापरलेला सूर कोरा असतो, फार टिकतो.

मी म्हटलं, नमुना परत द्या. माझा आवाज पत्रा घासल्यासारखा आला. त्या म्हणाल्या, दिलेला श्वास कुणी परत घेतं का, वेडे.

सगळं इतक्या मायेने, की बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं, मी त्यांना थँक्यू म्हणाले होते.

२२ मार्च

नमुना पुसला. यंत्रातून, त्याच्या प्रतींमधून, सगळीकडून. दुपारी पेटीचा दिवा लागला आणि घसा पेटला. विद्यार्थ्यांच्या कानात यंत्रं होती, त्यांना तारच लावलेली नव्हती. तरी त्यांना सूर ऐकू येत होता. तो यंत्रात नाहीच. तो पेटीत आहे, त्या बुचात.

बॅग न घेता निघाले. बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. गोदामं, कुंपण, मोकळं मैदान. बाकावर बसले. थोडा वेळ काही झालं नाही आणि मला वाटलं, सुटले. मग वर्ग सुरू झाला असावा. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली, ठसका लागला असं समजून.

तिथून तशीच घशाच्या डॉक्टरकडे गेले. त्याने दुर्बीण काढून मला आधी रागावून घेतलं. कुठल्या बँडमध्ये गातेस? चुकीचं किंचाळतेस तू. आधी नीट शिकून घे कुणाकडून तरी. संपूर्ण मौन सांगितलं.

परत आले. लांब जाऊन फरक पडत नसेल तर पेटीच्या जवळ असलेलं बरं, काही करता येईल. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे जायला जागा नाही. घसा माझ्याबरोबर येतो.

२६ मार्च

आवाज गेला.

बसला नाही, गेला. तोंड उघडते, हवा येते.

सवयीने बाबांना फोन लावला आणि त्यांनी उचलल्यावर आठवलं. ते कोण, कोण म्हणत राहिले. मी श्वास जोरात घेतला. ते म्हणाले, लाज नाही वाटत म्हाताऱ्या माणसाला त्रास द्यायला, आणि ठेवला.

मेसेज पाठवला. त्यांचा फोन मेसेज वाचून दाखवतो. घसा बसलाय, काळजी करू नका, मीच आहे. थोड्या वेळाने त्यांचं रेकॉर्ड केलेलं उत्तर आलं : एक पत्र्याची बाई मला सांगतेय की ती माझी मुलगी आहे. टाईप काय, कुणीही करतं. तू बोल, एक शब्द बोल, मग मानतो. मागून आवाज हलका करून : घुमे, बरी आहेस ना गं?

तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला.

२८ मार्च

वाफवाली बोलली.

जिन्यात उभी होती, हातात पिशवी. आवाज नवा कोरा, तरुण मुलीसारखा. म्हणाली, जाते मी. मग पायरीवर बसली आणि तिला थांबताच येईना. ती आधी इथे पियानो सुरात लावायला आली होती. तिच्याकडूनही नमुना घेतला. तिच्या आधी एक गृहस्थ होते. ती आली आणि ते सुटले. पेटीत दुसऱ्या कुणाचा स्वच्छ सूर पडला की आधीचा सुटतो, हळूहळू आवाज परत येतो. मग तो सरावाचा 'ई' असो नाहीतर नुसती हाक असो. न ताणलेला हवा, एवढंच. दुसरा मार्ग नाही, तिने सगळे करून पाहिले.

मी कागदावर लिहिलं : मला सांगितलं का नाहीस?

ती म्हणाली, हात पुढे केला होता की मी, पाहिलंस ना तू. मग म्हणाली, नंतर खाली घेतला.

जाताना सांगून गेली, कुणीतरी शोध. मी लिहिलं, नाही. ती हसली. मीही हेच लिहिलं होतं, म्हणाली, याच जिन्यात.

२९ मार्च

दुपारभर खिडकीत बसून सायकलवाल्याकडे पाहिलं. तो कुणाचाही नातेवाईक नाही, म्हणजे माझ्या माहितीतला. पेटीचं दार कुरकुरतं असं लिहून दाखवलं तर तो तेल घेऊन येईल. काम करताना शीळ घालतो. शीळ चालणार नाही. हाक मारावी लागेल. मी आतल्या बाजूला लपले तर तो हाक मारेल.

इथपर्यंत विचार केला आणि पडदा लावून घेतला.

हे लिहून ठेवते, कारण उद्या मी म्हणेन की असं काही मनात आलं नव्हतं.

३० मार्च

ताई वर आल्या. खूश होत्या. बाबांनी शाळेच्या फोनवर फोन केला होता, त्या बराच वेळ बोलल्या त्यांच्याशी. काय आवाज आहे गं तुझ्या वडिलांचा, म्हणाल्या. नुसता हॅलो म्हणाले तर अंगावर काटा आला.

त्यांना बोलावलंय. मंगळवारी.

तुझं भलंच होईल, म्हणाल्या. आठवड्याभरात बोलायला लागशील.

मेसेज पाठवले. येऊ नका. काही झालं तरी येऊ नका. मी सुखरूप आहे. मी संकटात आहे. येऊ नका.

उत्तर आलं. पत्र्याच्या बाईला सांगा, माझ्या मुलीच्या शाळेतल्या बाई स्वतः बोलल्यात माझ्याशी, जिवंत माणसाच्या आवाजात. मला कळतं कोण खरं ते.

१ एप्रिल

बाहेर पडून बस स्थानक गाठायचं, ते उतरतील तिथेच हात धरायचा. हात ते ओळखतील.

चांगला उपाय आहे. आधी का सुचला नाही —

मुख्य दाराला कुलूप. ताई म्हणाल्या, अगं एकच दिवस. माझ्याच खोलीत माझं जेवण आणून दिलं. भोंग्याने आणलं. बाई, लवकर बऱ्या व्हा, म्हणाला. त्याला काही माहीत नाही. त्याची बाही धरली, कागद दाखवला. त्याने वाचला, लाजला, ताईंना नेऊन दिला.

खिडकीला गज आहेत. पहिल्या दिवशी मी टेबलाचा पाय पाहिला. गज पाहिले नाहीत.

२ एप्रिल

काचेमागे. सकाळी ताईंनी खाली आणलं, दुर्बीण साफ करायची म्हणून. दार बाहेरून लागलं. आतला दांडा काढलाय. स्क्रूची चार भोकं.

खुर्ची काचेवर मारली. खुर्ची मोडली.

लिहिते आहे. नाही लिहिलं तर हात काचेवर आपटत राहतात. बोलण्यासारखं एवढंच उरलंय.

बटण चालू आहे. बटणाचा दिवा हिरवा. पेटीत माझा आवाज जाऊ शकतो. आवाज असता तर.

 

पेटीचं दार उघडलं.

बाबा. जुना कोट, इस्त्री केलेला. काठी. दाढी करताना हनुवटीवर कापलंय. ताईंनी कोपर धरलंय, काहीतरी बोलताहेत, बाबा हसताहेत. ताई बाहेर गेल्या. दार लावलं. लाल दिवा.

एकटे. काठी आपटली. काही परत आलं नाही. पुन्हा आपटली.

खोली ओळखता येत नाही त्यांना. आता हनुवटी —

हनुवटी उचलली —

बटण दाबून माईकवर तीन टिचक्या मारल्या.

 

थांबले. तोंड उघडलं होतं, मिटलं. बोट ओठांवर. टेबलाखाली मी असायची तेव्हा ठेवायचे तसं.

मान वळवून आवाज कुठून आला ते शोधताहेत. हसताहेत. कळलं त्यांना. मीच, दुसरं कुणी नाही. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या आणि तरी चूप. माईक उघडा असताना ते कधीच बोलत नाहीत.

पुन्हा तीन.

मान हलवली. समजलं, समजलं.

पुन्हा तीन. मी हे दिवसभर करू शकते. एका हाताने टिचक्या, एका हाताने लिहिणं. रात्रभर करेन. बाबा, असेच —

ताई दारात. मला पाहताहेत. रागावल्या नाहीत. भिंतीवरच्या खटक्याकडे हात —

हिरवा दिवा गेला.

बटण दाबतेय. नाही. माईकवर टिचक्या मारतेय. जोरात. जात नाहीत. काच —

बाबा वाट पाहताहेत. कान लावून. टिचक्या येत नाहीत. टिचक्या नाहीत म्हणजे माईक बंद. म्हणजे आता बोल.

नको. बाबा, नको, तेच चुकीचं आहे आता, ते —

चेहरा उजळला. श्वास घेतला. पोटातून.

तोंड उघडलं. काही ऐकू आलं नाही इकडे. हाक मारली? की नुसता श्वास होता? ओठ हलले. घुमे — असे हलले का? कळत नाही, काचेतून कळत नाही —

एकच गोष्ट उरली. ताई शिकवतात ती. घसा जांभईसारखा. जबडा सैल. जोर पोटाचा. खऱ्या तंतूंची गरजच नाही. मला येतं, मी रोज पाहिलंय. काचेतूनही जाईल. बाबा, बाहेर पडा, एवढंच —

 

किंचाळले.

निघाला. केवढा मोठा. काच थरथरली, पेला पडला. अख्खा श्वास संपेपर्यंत.

दुखलं नाही.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीच दुखलं ना—

बाबांनी काठी सोडली. हात गळ्याकडे नेला, आणि माझ्याकडे तोंड करून काहीतरी विचारताहेत, विचारताहेत, पण त्यांच्या तोंडातू